गोठ्याचा गोल शिक्का

हॉलंडला जाताना पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. हजर दाखल्याचे तीन कोरे नमुने मात्र घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये घालून मी पोटाशी धरले होते. विमानात जेवण आलं तेव्हा ते मांडीखाली घेतले, जेवण झालं की पुन्हा पोटाशी.

मी शिरूर तालुक्यातल्या भीमेकाठच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. सुट्टीत लिनोवर, म्हणजे रबरासारख्या मऊ तक्त्यावर, चित्रं कोरायची आणि त्यांचे ठसे काढायचे, हा माझा नाद. पुण्यातल्या एका प्रदर्शनात ते ठसे कुणा पाहुण्यांनी पाहिले आणि सहा महिन्यांनी पत्र आलं: वेगवेगळ्या देशांतल्या कलाकारांनी दहा दिवस एकत्र राहायचं, काम करायचं, येण्याजाण्याचं सगळं आम्ही बघू.

मुख्याध्यापकांनी ते पत्र दोनदा वाचलं.

"बाई, शाळेचं नाव झालं," ते म्हणाले. "पण रजा कुठली टाकायची?"

"कर्तव्य रजा, सर."

"मग कर्तव्यावर हजर झाल्याचा पुरावा लागणार. ज्या दिवशी हजर, त्याच दिवसाचा. सही आणि गोल शिक्का. चौकोनी चालणार नाही."

सर वाईट नव्हते. आधीच्या शाळेत त्यांच्या एका सहकाऱ्याचा असाच दाखला बिनशिक्क्याचा आला होता आणि त्याच्या सेवेत खंड पडला होता. ‘सेवेत खंड’ हे शब्द सर इतक्या हळू आवाजात उच्चारायचे की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. मला तर फुटायचाच. आमच्या घरात कायम नोकरी लागलेली मी पहिली आणि कायम झाल्याची मान्यता येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, पाटसला उसाच्या ट्रॉल्या रंगवत. कारखाना सुरू व्हायच्या आधी दोन-तीन महिने त्यांचा हंगाम. ट्रॉलीच्या मागं मालक सांगेल ते लिहायचं, आईचा आशीर्वाद, मुलांची नावं, नंबर, काहीही. गंमत अशी की दादांना वाचता येत नव्हतं. मालकानं कागदावर लिहून दिलेलं ते चित्र म्हणून उतरवून घेत. अक्षर इतकं सुरेख की दौंडहून लोक ट्रॉल्या घेऊन यायचे. मला शाळेत घालताना ते म्हणाले होते, "म्या काढतो, तू वाचत जा." मी वाचत वाचत बी.ए. झाले आणि मग चित्रकलेची पदविका घेतली. त्या सगळ्या शिक्षणाच्या शेवटी मिळालेल्या नोकरीत खंड पडू देणं मला परवडणारं नव्हतं.

ठरलं असं: मी पोचल्या दिवशी दाखला फॅक्स करायचा. जवळचा फॅक्स हायवेवर वरवंडला, एका टेलिफोन बूथमध्ये. मुख्याध्यापक आमच्या शिपाईमामांच्या एम-एटीवर मागं बसून तिथं जाणार आणि पाचपर्यंत थांबणार. "पाचनंतर आलेला कागद दुसऱ्या दिवशीचा," असं त्यांनी मला बजावलं होतं. वरवंडचे पाच म्हणजे हॉलंडचे दीड. हे मी तळहातावर पेनानं लिहून ठेवलं होतं.

विमान, मग आगगाडी, मग एका उंच बाईंची बुटकी गाडी. या बाई मडकी घडवायच्या आणि ती संस्थाही त्यांचीच. स्टेशनावर त्यांनी मला बघितलं आणि सरळ मिठी मारली. मधे पुठ्ठा होता, तो वाकला. मी घाबरून आधी पुठ्ठा सरळ केला आणि मग नमस्कार केला.

संस्था म्हणजे एक जुना गोठा होता. भिंती पांढऱ्या, खिडक्या मोठ्या, पण गोठाच. गव्हाणी तशाच ठेवलेल्या आणि त्यात रंगांचे डबे.

"इथं पूर्वी चाळीस गाई होत्या," बाई अभिमानानं म्हणाल्या.

"दूध किती द्यायच्या?" मी विचारलं.

परदेशातल्या कलावंताशी माझी पहिली कलाविषयक चर्चा ती एवढीच. पण बाईंना प्रश्न आवडला. त्यांनी बसवून सविस्तर आकडा सांगितला आणि मी आमच्याकडच्या जर्सीचा सांगितला.

माझं इंग्रजी म्हणजे अर्ज लिहिण्याचं इंग्रजी. कॉफी घेणार का, असं कुणी विचारलं तर मी ‘कळवण्यास आनंद होतो की’ या चालीवर सुरू व्हायची. तशाच भाषेत मी दाखला पुढं केला. बाईंनी उभ्याउभ्याच झोकदार सही ठोकली.

"आणि शिक्का?" मी म्हणाले.

"कसला शिक्का?"

"गोल."

बाईंनी विचार केला. मग खांदे उडवले. शिक्का नव्हता. बारा वर्षं संस्था चालते, पण शिक्का नाही. आम्ही सही करतो आणि लोक विश्वास ठेवतात, म्हणाल्या. मला त्यांची दया आली. आमच्याकडं क्रिकेटच्या मंडळाला बॅट नसते, पण शिक्का असतो.

घड्याळात अकरा वाजले होते. म्हणजे वरवंडला अडीच. मी खुर्चीत बसले आणि सेवेत खंड म्हणजे काय हे बाईंना समजावून सांगितलं. दादा, ट्रॉल्या, मान्यता, सगळं. सांगताना मला रडू आलं आणि ते ऐकून आजूबाजूच्या खोल्यांतून दोघं बाहेर आले. एक पोलंडचे आजोबा होते, लाकडावर कोरून ठसे काढणारे. कपाळावर एक चष्मा, डोळ्यांवर दुसरा. दुसरा फिनलंडचा दाढीवाला होता. तो दगडावर दगड ठेवायचा. एवढंच करायचा, पण फार मन लावून.

मग शोध सुरू झाला. दाढीवाला शेजारच्या गुरांच्या डॉक्टरांकडं पळत गेला आणि हातात शिक्का नाचवत आला. गोल! मी शाई लावून कागदावर धरलासुद्धा, तेवढ्यात बाईंनी हात पकडला.

"यावर काय लिहिलंय माहितीये?" त्या हसत म्हणाल्या. "तपासले, रोग नाही, दूध काढण्यास योग्य."

खरं सांगते, मी क्षणभर विचार केला. सरांना ती भाषा येत नव्हती. पण ती येणारा एखादा माणूस पुढंमागं हिशेब तपासायला आला तर? मी शिक्का खाली ठेवला.

पोलंडच्या आजोबांनी चष्म्यांची अदलाबदल केली. "मुली, तू काय काम करतेस?"

"लिनो कोरते."

"हत्यारं आणलीस?"

"आणलीत."

"मग?"

"मग काय?"

त्यांनी माझ्या हातांकडं बोट दाखवलं. मला कळायला वेळ लागला. खरं तर पाचवीच्या वर्गाला मी दरवर्षी भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे शिकवत होते. शिक्का मीच कोरायचा, हे कळल्यावर मी ताडकन उठले.

"तो बनावट शिक्का होईल! आमच्याकडं त्याला तुरुंग आहे."

"संस्था माझी," उंच बाई म्हणाल्या. "शिक्का कर, असं मीच सांगते. मग बनावट कसा?"

मुद्दा बरोबर होता. पण तोंडी सांगून भागणार नव्हतं. संस्थेनं शिक्का करायचा तर ठराव हवा, हे मी शाळेच्या बैठकांची टिपणं लिहिता लिहिता शिकले होते. मी तिथल्या तिथं सभा घ्यायला लावली. बाई अध्यक्ष. आजोबा सूचक. अनुमोदक म्हणजे काय ते दाढीवाल्याला समजावल्यावर त्यानं दोन्ही हात वर केले. एकच पुरे, असं मी सांगितलं, पण तो खाली करेना. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. हे सगळं मी वहीच्या पानावर लिहून तिघांच्या सह्या घेतल्या. बारा वाजून पाच मिनिटं.

गोल काढायला कंपास मिळेना. मी हातातली काचेची बांगडी काढून लिनोवर ठेवली आणि तिच्या आतून पेन्सिल फिरवली. मधे काय काढायचं? गोठा होता, म्हणून गाय काढली. भोवती संस्थेचं नाव, त्यांच्या भाषेतलं, लांबलचक चौदा अक्षरांचं. मला ते उच्चारताही येत नव्हतं. शिवाय ठशासाठी सगळं उलटं कोरायचं. मी अक्षरं वाचायचा नाद सोडला आणि नुसते आकार बघत गेले: हा खांब, हे पोट, ही तिरकी काठी. दोन-चार अक्षरं झाल्यावर एकदम लक्षात आलं, दादा आयुष्यभर हेच करत आलेत. मी बी.ए. होऊन हॉलंडच्या गोठ्यात बसले होते आणि ट्रॉलीच रंगवत होते. एरवी मला यावर खूप काही सुचलं असतं, पण साडेबारा झाले होते.

बारा पन्नासला पहिला ठसा उमटला. आजोबांनी चष्मे बदलून पाहिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. दाढीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. फॅक्सचं यंत्र स्वयंपाकघरात पावाच्या डब्याशेजारी होतं. त्यातून कागद कुरकुरत गेला आणि आम्ही चौघं त्याच्याकडं बघत उभे राहिलो.

दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा कुरकुरलं. वरवंडचं उत्तर आलं होतं, सरांच्या हस्ताक्षरात: ‘हजर दाखला पाहिला. जावक क्रमांक नमूद नाही. त्वरित पूर्तता करावी. वेळ ४.३२.’

मी अर्थ सांगितला. मला वाटलं, आता हे लोक वैतागणार. उलट त्यांना उत्साहच आला. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर देऊन वहीत लिहून ठेवायचं, ही कल्पना दाढीवाल्याला दगडांइतकीच आवडली. त्यानं नवी वही आणली, पट्टीनं रेघा मारल्या आणि फार सावकाश, जीभ बाहेर काढून, पहिला आकडा लिहिला. मी त्याच्यामागं उभी राहून ‘लवकर, लवकर’ म्हणत होते. मराठीतच म्हणत होते, पण त्याला कळत होतं. जावक क्रमांक एक.

दुसरा फॅक्स गेला तेव्हा एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. यंत्र गप्प राहिलं. आम्ही यंत्राकडं बघत राहिलो. शेवटी बाईंनीच फोन उचलून माझ्या हातात दिला आणि मी बूथचा नंबर फिरवला.

पलीकडं शिपाईमामा. "बाई! व्हय व्हय, आला की कागुद! सर चष्मा काढून बघत्यात. च्या झाला तीनदा. तिकडं थंडी हाय का?"

"मामा, सरांना द्या!"

सर आले. खाकरले. "बाई, शिक्का फार मोठा आहे."

बांगडीच्या मापाचा शिक्का!

"आपल्या तालुक्यात एवढा शिक्का कुणाचा नाही," सर म्हणाले. आवाजात आदर होता. "आणि जावक क्रमांक एक? म्हणजे पहिला मान आपल्याला दिला त्यांनी. ती मधली गाय कशाला?"

"शेतीप्रधान भाग आहे, सर."

"बरोबर. चार वाजून पंचावन्न मिनिटांनी प्राप्त. फाइलला लावतो. आता तिकडं मन लावून काम करा." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमचे वडील आलेत. देतो."

"दादा? तुम्ही कसे तिथं?"

"तुजा कागुद यायचा व्हता न्हवं. पाटसावरनं आलो. ट्रॉली वाळत ठिवलीया." मग दादांचा आवाज एकदम खाली गेला. फोनवर हात धरला असावा. "सर पैसं द्यायला गेल्यात, तवर ऐक. गोल ब्येस झालाय. गाय बी झ्याक. पर त्यात एक अक्षर दोनदा हाय बग. दोन खांब, आन् मधी तिरकी काठी."

मी समोरचा ठसा उचलला. इंग्रजी एनसारखं ते अक्षर खरंच दोनदा होतं.

"हाय, दादा."

"त्यातलं एक पाठ फिरवून बसलंय."

मी पाहिलं. एका एनची काठी डावीकडून उतरत होती, दुसऱ्याची उजवीकडून. एक मी उलटं कोरायचं विसरून सुलटंच कोरलं होतं. बाईंना ते दिसलं नव्हतं, आजोबांना दोन चष्म्यांतून दिसलं नव्हतं आणि सरांनाही नाही.

"दादा, सरांना..."

"सर गाय बघत व्हते. म्या कशाला बोलतोय? ठेव आता, त्या बाईला बिल यील."

फोन ठेवून मी उंच बाईंना ते अक्षर दाखवलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि इतक्या हसल्या की त्यांना गव्हाणीला टेकावं लागलं. मी घाईघाईनं लिनोचा दुसरा तुकडा काढला, पाच मिनिटांत नीट करून देते म्हणाले. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मघाची ठरावाची वही उघडून तिघांच्या सह्यांवर बोट ठेवलं.

"ठराव झालाय," त्या म्हणाल्या.