आईचा कॉम्प्युटर सावकाशच उघडतो

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आले. भूत दिसलं म्हणणाऱ्यांनी आधी फ्यूज तपासावा, या मताची मी. साताऱ्यात एका कॉलेजच्या ऑफिसातले कॉम्प्युटर मीच सांभाळते. कामं लिहून काढायची, एकेकावर टिक करायची आणि घरी जायचं. तेव्हा हे घाबरून लिहीत नाहीये... चिडून लिहितेय.

माहेर पलूसजवळ. धाकटा भाऊ दिनू फौजेत होता. आईला माऊस जमेना, म्हणून सुट्टीवर आला की तो दिसेल ते स्टार्टअपमध्ये टाकायचा – रेडिओ, हवामान, फोटोंचा अल्बम, शेवटी व्हिडिओ कॉल. "आई, तू निस्तं बटण दाब. बाकी समदं आपोआप उघडंल."

उघडायचं, पण तोवर आईचा चहा निवून जायचा. सकाळी तो तिकडून फोन करायचा, आई बटण दाबायची आणि कॉम्प्युटर चालू होईपर्यंत दोघं फोनवर बोलत बसायची. व्हिडिओ लागला की चित्र अडकायचं, कॉल तुटायचा. झालं बोलणं.

मी म्हणायची, "दिनू, नको ते प्रोग्राम बंद कर. रॅम वाढव."

"ऱ्हाऊ दे की आक्का. सगळंच कशाला तुझ्या यादीत पायजे?"

गेल्या वर्षी दिनू तिकडेच आजारपणात गेला.

आई मात्र रोज सकाळी बटण दाबून कॉम्प्युटरसमोर बसायची. बाथरूममध्ये पडली, हाड थोडक्यात वाचलं, तरी एकटीच राहायचा हट्ट. साताऱ्याला चल म्हटलं की एकच उत्तर – "मी हितनं हालले तर त्यो बोलंल कुणासंगं?"

मला राग आला. आईचा, त्या कॉम्प्युटरच्या पेटीचा आणि सगळ्यात जास्त दिनूचा. स्वतः गेला आणि हे लचांड आमच्या गळ्यात अडकवून गेला. मी ठरवलं, हे वाट बघणंच संपवायचं. कॉम्प्युटर झटकन उघडला की बसणं सुटेल, आणि आई माझ्याबरोबर येईल.

रविवारी गेले. टास्क मॅनेजरमधून स्टार्टअपचं सगळं डिसेबल केलं. रीस्टार्ट केला – सगळं पुन्हा हजर. ठीक आहे. तयारीनेच गेले होते. फोटो पेनड्राइव्हवर घेतले, जुनी डिस्क काढून पर्समध्ये टाकली, तिच्या जागी नवी, वेगवान एसएसडी बसवली, रॅम दुप्पट केली आणि विंडोज कोरं टाकलं. बटण दाबलं, हात मागे घेईस्तोवर पडदा उघडला. बंद करून पुन्हा दाबलं. तसाच.

"बघ आई."

"लय झ्याक. आता ऊठ, मला बसू दे."

आईनं बटण दाबलं. ते गोल फिरत राहिलं... फिरतच राहिलं. मग रेडिओ उघडला. मग हवामान. मग अल्बम. दिनूनं लावलेल्या क्रमानं. नव्या डिस्कवर यातलं काहीही नव्हतं. मी नेटची वायर उपटली. फरक नाही. टास्क मॅनेजर बघितला – रॅम काठोकाठ भरलेली, आणि ती कशानं भरली हे सांगणारी एकही ओळ नाही.

आई पडद्याकडे बघत हळू बोलत होती. हातात फोन नव्हता.

"व्हय रं, बसलीया की... आक्का आलीया. न्हाई, तोंड फुगवून हुबी हाय." थोडं थांबली, हसली. "बरं, सांगते."

मग माझ्याकडे वळली. "दिनू म्हंतोय, जाऊया सातारला, पर ही पेटी संगं घ्या. आन तुला म्हंतोय, यादी संपली आसंल तर च्या टाक."

"आई, बास कर. त्याची डिस्क माझ्या पर्समधी हाय."

"आसू दे की. त्यो काय डिस्कमधी ऱ्हातोय व्हय?"

आई आता माझ्याकडे आहे. पेटीही. ऑफिसातल्या दोघांना बसवून पाहिलं – झटकन उघडते. आई बसली की चहा निवतो. वायरिंग, व्होल्टेज, व्हायरस, सगळं तपासून झालं. कारण सापडलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर कळवा, पण "आईच्या मनाचे खेळ" असलं काही कळवू नका. भरलेली रॅम मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय.

राग अजून गेलेला नाही. आई आंघोळीला गेली की मी दार लोटते, कपभर चहा शेजारी ठेवते आणि बटण दाबते.

माझ्यासाठी लगेच उघडतो. रोज. चहा वाफाळतच असतो.