लघुपटाचा अर्थ

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही अक्काला पाहिलेलं नाही, म्हणून असेल.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पार्वती. आम्ही कुंभकोणम्‌चे, मेलकावेरीत राहणारे. पूर्वज तंजावरच्या दरबारी चाकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पण ती मराठी इतकी जुनी, की पुण्याकडचं माणूस ऐकून गालात हसायचं. मला हे ठाऊक होतं, कारण दोन वर्षं मी पुण्याला मामांकडे शिकायला होते. परत आले तेव्हा नवी मराठी कळणारी घरात मी एकटी. तिकडचा कुणी पाहुणा काही बोलला, की आमचे वडील, अप्पा, हळूच माझ्याकडे बघत. मला ते आवडायचं — फार आवडायचं.

अक्का कुठेच गेली नव्हती. जायची ती सिनेमाला, माझ्याबरोबर. मुख्य चित्र सुरू होण्याआधी सरकारी छोटी चित्रं दाखवत — कुठल्या धरणाचं काम, कुठे देवीची लस टोचणं. लोक तेवढ्यात बाहेर जाऊन विडी ओढून येत. अक्का मात्र बाकाच्या कडेला सरकून, मान उंच करून बघायची. आमच्या गावात त्याला तुंडुपडम म्हणत. पडम म्हणजे चित्र, तुंडू म्हणजे तुकडा. खांद्यावर टाकायच्या पंच्यालाही तुंडूच म्हणतात.

त्या वर्षी रामेश्वराहून परतणारे पुण्याचे एक गृहस्थ, ओळखीच्या ओळखीने, आमच्याकडे उतरले. अक्का वाढत होती. जेवण झाल्यावर ते अप्पांना म्हणाले, "माझा पुतण्या लघुपट करतो. हुशार आहे, नाव काढील. तुमची मुलगी त्याला शोभेल. विचार करा, उद्या सांगा."

अप्पांनी मान डोलावली. न कळलेलं पाहुण्याला विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. गृहस्थ देवळात गेले आणि अप्पा मागच्या पडवीत माझ्याकडे आले.

"लघुपट म्हणजे काय गे? पट्टू काय? रेशमाचा व्यापार?"

केवढी आशा होती त्यांच्या तोंडावर. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती, हातात उष्टी ताटं. खाली बघत होती, पण ऐकत होती.

मला अर्थ माहीत होता. पुण्यात तो शब्द मी किती वेळा वाचला होता. अक्का ज्यासाठी मान उंच करायची, नेमकं तेच करणारा माणूस — आणि त्याच्यासाठी तिला मागणी आली होती.

मी म्हणाले, "तुंडू."

"तुंडू?"

"लघु म्हणजे लहान, पट म्हणजे कापड. पंचे, अप्पा. पंचे विकत असेल."

पहिला शब्द खरा होता, अर्धा का होईना — असं मी पुढे कितीदा स्वतःला सांगून पाहिलं. पण पुढचं वाक्य? ते कुणी बोलायला लावलं? तेव्हा मनात काय होतं, ते सांगते. पुणं माझं होतं. तिथे राहून आलेली मी, आणि जन्मभर तिथे राहायला अक्का जाणार? एवढंच. याहून मोठं कारण मी शोधलं — सापडलं नाही.

"आमचे घराण्याची मुलगी पंचेवाल्यास?" अप्पा एवढंच बोलले. सकाळी त्यांनी पाहुण्यांना अदबीने सांगितलं, यंदा लग्न करायचं नाही. अक्काने त्यांना कॉफी आणून दिली. ते गेले.

मग अक्का तिरुप्पनंदाळच्या एका बिजवराला दिली. माणूस वाईट नव्हता. हात उगारत नसे. बोलतही नसे. सिनेमा त्याच्या घरी पाप. मी जायची तेव्हा अक्का माझ्या मुलांची विचारपूस करायची आणि मग गप्प बसायची. तिचं ते गप्प बसणं — ते मी घरी घेऊन यायची. अजून माझ्याच घरात आहे ते.

तिसऱ्या बाळंतपणानंतर ती उठलीच नाही. मी सेवेला जाऊन राहिले. एका दुपारी तिचे केस विंचरत होते. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "तो पुण्याचा... खरेंच पंचे विकीत होता काय गे?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. अप्पा कधीचेच वारले होते. कुणाची भीती होती मला? सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं — उठून बसायची ताकदही तिच्यात नव्हती.

"होय अक्का," मी म्हणाले.

"बरें झालें मग. मजला उगीच वाटत होतें."

काय वाटत होतं, ते मी विचारलं नाही. तिने डोळे मिटले. फणी माझ्या हातात तशीच राहिली. पडवीत तिची धाकटी पोर रडत होती, तिला उचलायला म्हणून मी उठले — उठायला निमित्त मिळालं.

थोड्याच दिवसांनी अक्का गेली. दहाव्याला जमलेल्या बायका म्हणत होत्या, धाकटीने फार केलं हो तिचं, अशी बहीण मिळायला नशीब लागतं. मी पदराने तोंड पुसलं आणि ते ऐकून घेतलं.