आखाजीची झोप

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की आमच्या खान्देशातल्या लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. घरोघरी उलट्या खापरावर मांडे भाजले जातात. सगळं बरोबर. पण आमच्या घरची आखाजी म्हणजे बापाच्या झोपेचा सण होता. हसू नका बाई, खरं तेच सांगते.

माझा बाप निंबा, गावातल्या भाईदास आबांकडे सालदार होता. सालदार म्हणजे एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंत मालकाच्या शेतीला बांधलेला गडी. पहाटे बैलांचं चारापाणी, दिवसभर शेत, आणि रात्री गावाबाहेरच्या गोठ्यात बैलांपाशीच बाज टाकून पडायचं. घर हाकेच्या अंतरावर, पण बाप घरी यायचा तो जेवणापुरता. माझं लग्न होईपर्यंत मी त्याला घरात रात्री झोपलेलं पाहिलं नाही. आखाजीला जुनं साल सरायचं आणि संध्याकाळी आबा पानसुपारी देऊन नवं बांधायचे. मधला तेवढा दिवस माझा बाप कोणाचा नव्हता. तेवढा दिवस तो आमचा.

माय माझी, ताईबाई, जिभेची तिखट. ढवळ्या आणि मोऱ्या या बैलांना ती सवती म्हणायची. बाप गाडी घेऊन दारावरून निघाला की बैल आपसूक थांबायचे, कारण माय शिव्या देत देत भाकरीचा तुकडा पुढं करायची. "मना धनी खादा, आते भाकरबी खा!" असं म्हणायची आणि दोघांच्या कपाळावरून हात फिरवायची. ढवळ्या बिचारा गरीब. मोऱ्या द्वाड, दावं तोडून पळायचा. म्हणून बापानं त्याच्यासाठी दुहेरी पिळाचं दावं स्वतःच्या हातानं वळलं होतं. ते दावं बैलाच्या बापाला तुटणार नाही, असं तो कौतुकानं सांगायचा.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची ती आखाजी. कापसाच्या वेचणीपासून बापाला खोकला लागला होता, अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. मायनं महिनाभर एकच धोशा लावला, औंदा साल बांधायचं नाही. मजुरी करू, मिळेल ते खाऊ, पण रात्री घरी झोप. पालथ्या घड्यावर पाणी! बाप म्हणायचा, "पाहू." तो पाहू म्हणाला की समजावं, बाबा ऐकणार नाही.

मी सासरहून आले तर मायनं घर सारवून ठेवलेलं. बाजेला नवी सुतळी, वर धुतलेली गोधडी. घागर पुजली, पितरांना ठेवलं, आम्ही मांडे आणि रस खाल्ला आणि मायनं बापाला हुकूम सोडला, "झोप आते." तो आडवा झाला खरा, पण या कुशीवरून त्या कुशीवर. ऊन असं की अंगणातली कोंबडीसुद्धा मुकाट बसली होती. माय पदरानं वारा घालत राहिली.

दुपार कलली आणि आभाळ एकदम मातीच्या रंगाचं झालं. वारा असा सुटला की गल्लीतल्या पोरी झोके सोडून घरात पळाल्या. मायनं दार लावलं, आतून पाटा टेकवला. मग गारा. आमचं घर मातीच्या धाब्याचं. वर ताशा वाजावा तसा आवाज. आत मात्र अंधार, ऊब, मांड्यांचा वास. बापानं गोधडी डोक्यावरून ओढली, भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. आबांचा धाकटा भाऊ लीलाधर ओरडत होता, "निंबाले धाडा! गोठानं छप्पर उडी गयं! बैल बिथरनात, कोनालेच जवळ येऊ देत नही!"

मायनं माझ्याकडे पाहिलं. मग बाजेकडे. गोधडी हलली नाही. ती दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाली, "धुरपदाना बाप घर नही शे, भाऊ. चाळीसगाव गया." धुरपदा म्हणजे मी.

मग लीलाधरभाऊंची पावलं चिखलात पळत गेली. मी मायला का अडवायचं? वर्षातून एक दिवस त्या बाईनं नवरा मागितला होता, तोही झोपलेला.

मग तिनं बापाच्या पायथ्याशी बसून त्याचे पाय दाबायला घेतले. त्याचा श्वास एका लयीत चालू होता. "झोपना एकदाचा," ती हळूच म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे सुख आलं ते मी पुन्हा फार क्वचित पाहिलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. बाहेर जग उलथंपालथं होत होतं आणि आम्ही तिघं एका छपराखाली होतो. मला वाटलं, हा पाऊस थांबूच नये.

थांबला. दाराशी काहीतरी घासल्याचा आवाज आला. मायनं पाटा सरकवला, दार उघडलं, तर उंबऱ्याशी ढवळ्या उभा. गळ्यात तुटक्या दाव्याचा तुकडा, अंग थरथरतंय, पाठीवर गारांचे वळ. भाकरीच्या ठिकाणी आला होता बिचारा. माय त्याच्यामागं पाहत राहिली, गल्लीच्या टोकापर्यंत. ते दोघं कधी एकेकटे फिरत नसत.

"मोऱ्या कोठे शे?" तिनं बैलालाच विचारलं.

ढवळ्याला तिनं घरात घेतलं. आमची एकच खोली. बाजेजवळ कसाबसा मावला. अंगावरच्या आखाजीच्या नव्या लुगड्याच्या पदरानं ती त्याला पुसायला लागली. तेवढ्यात आबा आले. पागोटं नाही, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात.

"ताईबाई," ते म्हणाले, "भिंत पडनी. मोऱ्या दबी गया. दावं काही तुटनं नही."

मायच्या हातातला पदर गळाला. "मी खोटं बोलनू, आबा," ती म्हणाली. "तो घरच व्हता. झोपेल व्हता, म्हनीसन मी..."

"ती नही बोलनी खोटं," बाजेवरून आवाज आला.

बाप उठून बसला होता. डोळे लाल, पण त्यात झोप नव्हती. "म्हंजे बोलनी. पन मी जागाच व्हतू. लीलाधरभाऊनी हाक ऐकी मी. बठ्ठं ऐकं. उठनू नही."

मी बापाकडे बघतच राहिले. मायनं इतका वेळ ज्याचे पाय दाबले, तो जागा होता. तिच्यासाठी झोपेचं सोंग घेऊन पडला होता की स्वतःसाठी, देव जाणे. दोन्ही असेल. माणसाला एक दिवस तरी वाटतंच ना, की आज मला कोणी हाक मारू नये?

आबा वाईट माणूस नव्हते, मालक होते एवढंच. ते उंबऱ्यावरच टेकले. मग म्हणाले, "आज तू कोनाच नव्हता, निंबा. साल सरेल शे तुनं. तुले बोल लागत नही."

बापानं ढवळ्याच्या गळ्यातला दाव्याचा तुकडा सोडला, हातात धरला.

"बैलले काय ठाऊक, आबा," तो म्हणाला, "साल सरनं ते?"

आणि मग तो रडला. माझा बाप त्याच्या आईच्या तिरडीपुढं रडला नव्हता. तो ढवळ्याच्या मानेला मिठी मारून लहान लेकरासारखा रडला, आणि माय, त्या बैलांना जन्मभर सवती म्हणणारी माय, दोघांच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

संध्याकाळी बापानं फावडं घेतलं आणि आबांच्या बांधावर मोऱ्याला पुरलं. ते दुहेरी दावंही त्याच्याबरोबर पुरलं. साल बांधलं का, म्हणता? बांधलं. मायनंच भाकरी फडक्यात बांधून दिली. एकटा पडलेला ढवळ्या बापाशिवाय कोणाच्या हवाली करायचा, हे तिलाही कळत होतं. आबांपाशी तिनं एवढंच मागितलं, की आखाजीच्या दिवशी तरी बैल गोठ्यात एकटा नको.

पुढच्या आखाजीला मी आले तर अंगण मोकळं. पहाटेच माय गोठ्यावर गेली होती. दोरी धरून ढवळ्याला घेऊन आली, उंबऱ्याशी बांधला, पहिला मांडा त्याला चारला. "खा सवती, खा," म्हणाली. बाप बाजेवर आडवा झाला. कूस बदलली नाही, गोधडी तोंडावर ओढली नाही. थोड्या वेळानं त्याचं तोंड उघडं पडलं आणि तो घोरायला लागला, अगदी लाज वाटावी असा. दारात ढवळ्या रवंथ करता करता डोळे मिटून बसला होता.

मी मायला काही विचारायला तोंड उघडलं, तर तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हयू बोल," ती म्हणाली. "दोन्ही झोपेल शेतस."