प्लास्टिक न काढलेला फ्रीज

माझा फ्रीज जुना होता. ही एवढीशी गोष्ट मला एका सरकारी माणसाला पटवून देता आली नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मस्कतला मी नर्स होते. तिथं गेल्यावर पहिल्याच वर्षी हा फ्रीज घेतला, खोलीत ठेवला आणि दारावरचं पारदर्शक प्लास्टिक तसंच राहू दिलं. खोलीतल्या दुसऱ्या नर्स हसायच्या. मी म्हणायचे, "घरी नेल्यावर काढणार." घर म्हणजे वेल्ह्याच्या वरच्या अंगाची आमची वाडी. तिथं आई आणि तिच्या शेळ्या. आमच्याकडं नव्या वस्तूचं प्लास्टिक कुणी लगेच काढत नाही. भोरच्या मावशीकडं टीव्हीच्या रिमोटवर पिशवी असते. पिशवी फाटली की दुसरी घालतात, पण रिमोट काही उघडा पाडत नाहीत.

पुढं आई थकली. डोंगराला शेळ्यांमागं एकटीनं हिंडणं तिला झेपेना. दर फोनला मी म्हणायचे, शेळ्या विक. ती चिडायची. "शेळ्या इकून म्या काय भितीसंगं बोलू?" शेवटी मीच राजीनामा दिला. मनापासून दिला असं म्हणवत नाही, कारण आमची मेट्रन म्हणाली, "तुझी जागा महिनाभर भरत नाही. घरी जाऊन बघ आणि मला कळव." त्या एका वाक्यानं माझी पुरती पंचाईत केली. मी कायमची परत चालले होते की रजेवर, माझं मलाच कळेना. तरी सामान बांधलं. आईकडं मळका फ्रीज कसा पाठवायचा म्हणून आतून खाण्याच्या सोड्यानं घासला, कप्पे उन्हात वाळवले. सामान जहाजानं पुढं गेलं, मी विमानानं आले.

बंदरावरच्या गोदामात मला पासपोर्ट घेऊन बोलावलं. कस्टमचा अधिकारी शांत माणूस होता, तेच जास्त लागलं. भांडायला काही जागाच नव्हती.

"कायमच्या परत आलात ना, मॅडम?"

"हो. म्हणजे, बहुतेक."

"बहुतेक लिहायला जागा नाही. कायमच्या आला असाल तर घरच्या वापरलेल्या वस्तूंना सवलत मिळते. नव्या वस्तूंना नाही."

मी "हो" म्हणाले. त्यानं लिहून घेतलं. पुरावा नाही, उलटतपासणी नाही. रात्ररात्र जागून जे मला ठरवता आलं नव्हतं, ते त्यानं पेन टेकवून ठरवलं.

मग फ्रीजचं खोकं उघडलं. त्यानं दारावरून हात फिरवला, प्लास्टिक कुरकुरलं. आत डोकावला, वास घेतला.

"हा तर नवा आहे."

"नाही हो! माझा वापरातला आहे. किती वर्षं वापरलाय!"

"मग प्लास्टिक का काढलं नाही?"

काय सांगणार? आमच्याकडं काढत नाहीत? मी मावशीचा रिमोटसुद्धा सांगितला. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. फ्रीजच्या पाठीवरचं, बनावटीचं वर्ष लिहिलेलं लेबल प्रवासात घासून गेलं होतं, पावती कधीच हरवली होती. भांडी, मिक्सर, गोधड्या सवलतीत सुटल्या, फ्रीजवर मात्र नव्या वस्तूची ड्यूटी लागली. मी भरली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. ज्याची मला खात्री होती ते खोटं ठरलं होतं, आणि ज्याची अजिबात नव्हती ते खरं धरलं गेलं होतं. डोक्यात नुसता गोंधळ माजला.

टेम्पोवाला कापूरहोळचा. वाडीत वीज कमीजास्त होते म्हणून वाट वाकडी करून त्याच्या ओळखीच्या दुकानातून स्टॅबिलायझर घेतला, मग मागं फिरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो. टेम्पो जाईल तिथवर गेला. पुढं वाडीतल्या चौघांनी फ्रीज बांबूला बांधून खांद्यावर घेतला. आमच्याकडं आजारी माणसाला झोळीतून खाली नेतात, तसा हा वर चालला होता. मी मागून "सावकाश, सावकाश" करत होते.

माणसं चहा पिऊन गेली. आई फ्रीजसमोर बसून राहिली. मी रागारागानं कस्टमचं सगळं रामायण सांगितलं. तिला त्यातलं नवंजुनं काही महत्त्वाचं वाटलं नाही.

"कर कशापायी घ्येत्यात?"

"भायेरच्या देशातली वस्तू हितं आणली की भरावा लागतो, आये."

"मंग भरला म्हंजी आता कुनी माघारी न्यायाचं न्हाई?"

"न्हाई. आता त्यो हितलाच."

ती उठली, शेळ्या आत घेतल्या, दावी बांधली आणि परत येऊन बसली.

"आन तुजा कुठं भरायचा?" तिनं विचारलं.

मला आधी कळलंच नाही.

"तुजा कर गं. तू बी भायेरच्या देशातनंच आलीयास. कुठं भरायचा त्यो सांग. म्या शेळ्या इकते. सगळ्या इकते."

ती चेष्टा करत नव्हती. मेट्रनचं बोलणं मी तिला सांगितलं नव्हतं, पण तिला कुठून तरी त्याची कुणकुण लागली होती. मला रडू फुटलं, लाज सोडून रडले. अजूनही काही नीट कळत नव्हतं. मेट्रनला काय कळवायचं, इथं नोकरी कुठं बघायची, काहीच नाही. मी उठले आणि फ्रीजच्या दारावरच्या प्लास्टिकचा कोपरा नखानं उचकटायला लागले.

"अगं, ऱ्हाऊ दे की! नवा हाय त्यो!"

"न्हाई आये, जुनाच हाय. घरी आल्याव काढायचं म्हणून ठिवलं हुतं."

प्लास्टिकचा डिंक वर्षानुवर्षांचा, सलग निघेना. आईनं लुगड्याला हात पुसले आणि खालचा कोपरा तिनं धरला.