प्रधानबाई आणि माझा दुष्ट सम्राट

प्रधानबाई कुठलीही कादंबरी पहिल्या पानापासून वाचत नसत. खलनायक कितव्या पानावर येतो ते आधी शोधायच्या आणि तिथून सुरुवात करायच्या. "नायक कुठे पळून जात नाही रे," म्हणायच्या. "तो शेवटपर्यंत असतोच, कंटाळा येईपर्यंत."

ठाकुर्लीला आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या. ठाण्याच्या कोर्टात तीस वर्षं स्टेनोग्राफर होत्या. खून, दरोडे, भाऊबंदकी, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलेलं. मी दुसऱ्या मजल्यावर नोकरी सांभाळून राक्षस, जादूगार आणि नऊ राज्यांची एक अवाढव्य कादंबरी लिहीत होतो. माझ्या बायकोने एक दिवस वैतागून पहिल्या भागाचं बाड त्यांच्याकडे नेऊन दिलं. "तुम्ही तरी याला सांगा," म्हणाली.

चार दिवसांनी बोलावणं आलं.

"तुझा हा सम्राट चाळीस गावं जाळतो," बाई म्हणाल्या. "मी वाचता वाचता पोहे खाल्ले. सगळे संपवले."

"पण बाई, तो क्रूर आहे हे दाखवायला..."

"क्रूर कसला? कामसू आहे. सकाळी उठतो, गाव जाळतो, झोपतो."

मग त्यांनी मला कोर्टातली दोन माणसं सांगितली. एक खुनाचा आरोपी. साक्षी चालू असताना त्याला एकच घोर, घरी शेळ्यांना पाणी कोण पाजत असेल. "मला वाईट वाटलं त्याच्याबद्दल. म्हणून काही मी 'खून' हा शब्द गाळला नाही." दुसरा कडक इस्त्रीतला साहेब, आईविरुद्ध दावा लावलेला. म्हातारी बोलायला लागली की हा घड्याळ बघून हसायचा. "कुणाला बोट लावलं नव्हतं त्याने. पण त्याचं नाव टाइप करताना मशीन मोडायचं तेवढं बाकी होतं."

मग मला मोह झाला. बाईंच्या भावाने गोड बोलून सही घेऊन वडिलांचं ठाण्याचं घर स्वतःच्या नावावर केलं, आणि त्या दिवाळीला बाई फराळ घेऊन गेल्या तेव्हा डबा दारातच घेऊन "आत पाहुणे आहेत" म्हणत दार लावलं, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. मी ते उचललं. माझ्या सम्राटाने बहिणीच्या हातचे लाडू महालाच्या दारातच घेतले आणि तिला परत पाठवलं. प्रकरण बाईंकडे दिलं आणि मग माझी टरकली. आठवडाभर मी त्यांच्या दारावरून चपला हातात घेऊन जायचो.

शेवटी गुडघे धरत त्याच वर आल्या.

"हुबेहूब उतरलाय माझा भाऊ. पण अर्धाच."

"बाई, माफ करा..."

"माफी नंतर. आधी लिहून घे. मला टायफॉइड झाला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. माझे केस गळून गेले. मला एकटीला लाज वाटू नये म्हणून हा स्वतःचं डोकं तासून आला." त्यांनी माझ्या कागदावर बोट टेकवलं. "हे घाल. मग त्याने दार लावलं की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येईल. नुसतं दार काय, वॉचमनही लावतो."

मी मान वर न करता लिहीत राहिलो.

पुस्तक निघालं. ठाण्यात छोटासा समारंभ झाला, आणि कुणाकडून तरी कळून भाऊसुद्धा आला. त्याने पुस्तक आधीच वाचलं होतं. बाईंच्या देखत माझा हात धरून म्हणाला, "बहिणीसाठी डोकं तासतो तो पोरगा म्हणजे मीच ना? ताईनेच सांगितलं असणार! पण पुढे इतका नालायक कसा हो झाला तो? सख्ख्या बहिणीला दारातून परत पाठवतो? असली माणसं असतात तरी का?"

बाईंच्या तोंडात बटाटावडा होता. त्यांना हसता हसता ठसका लागला, तर पाठही त्यानेच चोळली.

परतताना रिक्षात मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला ना. त्याला खरंच आठवत नाही रे. खोटं बोलत असता तर बरं झालं असतं."

गेल्या मार्चमध्ये बाई गेल्या. स्मशानात सगळ्यांत जास्त तोच रडला, अगदी पोरासारखा. मला त्याची चीड आली, आणि पाण्याची बाटलीही मीच नेऊन दिली.

सध्या तिसरा भाग लिहितोय. त्यात सम्राटाला मारायचं आहे. दोन महिने नायक तलवार उगारून उभा आहे. बायको रोज विचारते, "मेला का?"

मी म्हणतो, "अजून नाही."