रांगेत अडकलेला निरोप

तारांना डाख देताना जळणाऱ्या राळेचा वास आला की मी पुन्हा डिचोलीच्या त्या खाणीवर जाऊन उभा राहतो. भर दुपारी, लाल धुळीत आमची चाचणी चालली होती: प्रोग्रॅमवर चालणारा रेडिओ, आणि त्याला जोडलेलं, निरोपांची वाट ठरवणारं सॉफ्टवेअर. त्याचे तुकडे हवे तसे जुळवता येत. मी मोठ्या हौसेने त्यात एक रांग बसवली होती. डोंगर आड आला की निरोप तिथे थांबायचा आणि संपर्क जुळला की पुढे जायचा. एकही शब्द हरवता कामा नये! सुरुंगाचा भोंगा झाला, म्हाताऱ्या बावटेवाल्याने रस्त्याकडेला लाल बावटा धरला, आणि तेवढ्यात रेडिओला जोडलेला आमचा कर्णा बोलला, "रस्तो मोकळो आसा, गाडी सोड." आवाज खाली खाणीत असलेल्या मुकादमाचाच होता, पण तासाभरापूर्वीचा, रांगेत अडकलेला. ओळखीचा आवाज ऐकून बावट्यापाशी थांबलेल्या ट्रकवाल्याने गाडी उतारावर घातली. म्हातारा हात पसरून थेट ट्रकसमोर धावला. ब्रेक करकचून लागला, आणि पाठोपाठ खाली सुरुंग उडाला. खडे ट्रकच्या टपावर ताडताड पडले. धुरळा बसल्यावर म्हातारा माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "बाबा, वेळ गेल्लो निरोप मेल्लो बरो." आता कुठलीही रांग जोडताना मी आधी निरोपाची मरायची वेळ लिहितो, आणि लिहिताना मला ते पसरलेले दोन हात दिसतात.