मावशीचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे आणि ती मेणात एकेक दात बसवत जायची. सव्वीस वर्षं एकाच लॅबमध्ये. हिच्या बोटांना डोळे आहेत, असं मालक म्हणायचे. नवरा बस चालवायचा. दोन खोल्यांचं घर, त्याचं कर्ज नुकतंच फिटलेलं.

ती एक्कावन्न वर्षांची असताना तिची मावशी वारली. मावशीला मूलबाळ नव्हतं. निवृत्त लोकांच्या वसाहतीतला आपला फ्लॅट तिने भाचीच्या नावे केला होता. नवरा म्हणाला, आपल्याला झेपणार नाही, नको म्हणून कळव. ती हट्टाला पेटली. मावशीची शेवटची इच्छा कशी मोडायची? फ्लॅट नावावर चढला आणि आठवड्याभरात पहिलं पत्र आलं.

लिफ्ट, पहारेकरी, बाग, चोवीस तास नर्स, सगळ्याचा मेंटेनन्स दर महिन्याला भरायचा, आत कोणी राहो न राहो. मावशीच्या पेन्शनमध्ये ते बसत होतं. हिचा निम्मा पगार त्यात जायचा. स्वतः राहायला जावं, तर साठीच्या आतल्यांना बंदी. भाड्याने द्यावं, तर वसाहतीच्या समितीची परवानगी, आणि ती काही मिळेना. विकावं म्हटलं तर दलालाने हात झटकले. तिथे आधीच पाच-सहा फ्लॅट धूळ खात पडले होते. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली.

चार महिने तिने साठवणीतून भरले. मग भरणं थांबलं. मग पत्रं उघडणंही थांबलं. पत्रं लॅबच्या पत्त्यावर यायची; तोच तिने कळवला होता. प्लास्टरच्या पोत्यामागे ती पाकिटं ढकलत गेली. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती, कारण त्याने आधीच बजावलं होतं.

एका पाकिटावर बाहेरूनच लाल अक्षरात ‘वसुली’ छापलेलं होतं. ते तिने संडासात कडी लावून उघडलं. ‘थकबाकी वारसाकडून वसूल करण्यात येईल.’ पुढचं तिला वाचवेना. घर जाणार, एवढंच डोक्यात बसलं. त्यानंतर दाराची बेल वाजली की ती आधी खिडकीतून बघायची. नवरा जेवताना सुट्टीत कुठे जायचं ते बोलायचा; ती मान हलवायची आणि घास तोंडात तसाच फिरत राहायचा. दात बसवताना माप चुकू लागलं. एक कवळी परत आली, म्हाताऱ्या पेशंटचं तोंडच मिटेना. मालक रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, बरं नाही का? त्या विचारण्याने ती जास्तच घाबरली. आता नोकरीही जाणार.

शेवटी एका दुपारी ती सगळी पाकिटं पिशवीत भरून फ्लॅटवर गेली. मावशीच्या कागदांत काही सुटका सापडते का ते बघायला. बाथरूममध्ये दिव्याची म्हणून तिने जी दोरी ओढली ती मदतीच्या घंटेची निघाली. क्षणात पहारेकरी धावत आला, मागोमाग शेजारच्या निवृत्त हेडनर्सबाई. काही झालं नव्हतं. पण ती तिथेच फरशीवर बसली आणि रडू लागली.

हेडनर्सबाईंनी पाकिटं एकेक करून उघडली, तारखेप्रमाणे लावली. मग मावशीचा मूळ करारनामा पहिल्या पानापासून वाचला.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "मालक वारल्यावर रिकाम्या फ्लॅटला निम्माच मेंटेनन्स. आणि वसुली फक्त हाच फ्लॅट विकून. तुझ्या घराला हे हात लावू शकत नाहीत."

तिचा विश्वास बसेना. त्यांनी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

वसाहतीचा मॅनेजर गोड बोलायचा, त्याचीच तिला सर्वांत धास्ती होती. हेडनर्सबाई सोबत आल्या, पण बोलायचं तुलाच, असं त्यांनी दारातच सांगितलं. कलम वाचताना ती दोनदा अडखळली. मॅनेजरने फाईल मागवली, बराच वेळ चाळली, आणि दुरुस्त बिल पाठवतो म्हणाला. माफी काही मागितली नाही.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"एवढे महिने एकटीच घाबरत बसलीस?" तो म्हणाला. "मी काय खाल्लं असतं का तुला?"

दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दलालाकडे तोच गेला.

फ्लॅट विकायला आणखी अकरा महिने लागले. पडत्या भावाने गेला. थकबाकी वळती होऊन हातात थोडं उरलं. घेणारं जोडपं पासष्टीचं होतं. किल्ल्या घेताना त्यातल्या बाईंनी विचारलं, बेडरूममध्ये दुपारी ऊन येतं का?

तिला सांगता येईना. त्या घरात ती कधी निवांत बसलीच नव्हती.